वर्गात खरंच चालणारी मोफत ऑनलाइन साधनं: याद्या नकोत, अनुभव सांगा

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी,
माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पट २३. पहिली-दुसरी सहकारी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. यंदा यात्रेच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत गावाने शाळेला ४३ इंची टीव्ही घेऊन दिला. नारळ फुटला, हार घातला (टीव्हीला, मला नाही). आता सरपंच रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, "गुरुजी, लावताय ना टीव्ही?"

लावायला ना नाही, पण काय लावू? शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला "१०० मोफत शैक्षणिक ॲप" छापाची यादी येते. तीन वर्षं त्या याद्या साठवतोय आणि त्यातलं एकही उघडलेलं नाही, हे इथे टोपणनावाच्या आडून कबूल करतो. म्हणून कृपया नावांची माळ नको. कोणता पाठ, किती मिनिटं, मुलांनी काय केलं आणि फसलं असेल तर कसं फसलं, एवढं सांगा.

सध्याची अडचण चौथीचे अपूर्णांक. नऊ मुलं आहेत, त्यातली सहा जणं १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणतात. चार तीनपेक्षा मोठे, विषय संपला. शाळेत नेट नाही. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालतो, पण रेंज फक्त कडुनिंबाखाली.

खवचट काका
टीव्ही आल्यावर पहिल्यांदा काय लावलं ते खरं सांगा. क्रिकेट ना?

पाटीपेन्सिल
@खवचट काका, रिमोटमधले सेल दुसऱ्याच दिवशी कुणीतरी काढून नेले, म्हणून वाचलो.

बे एके बे
अपूर्णांकांना फेट (PhET) वापरा, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून बघायचे गणित-विज्ञानाचे खेळ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००२ पासूनचा. सुरू करणारे कार्ल वायमन हे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले (२००१). नाव ऐकून घाबरू नका, प्राथमिकसाठीही बरंच आहे आणि कित्येक गोष्टी मराठीत झाल्या आहेत. तुमच्यासाठी मुख्य फायदा असा की प्रत्येक खेळ एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. कडुनिंबाखाली एकदा उतरवा, पेनड्राइव्हमध्ये घाला, लॅपटॉप टीव्हीला जोडा, नेटचं काम संपलं.

अपूर्णांकांच्या ओळखीचा जो भाग आहे त्यात वर्तुळ, आयत, पाण्याचं भांडं, केक, संख्यारेषा यातलं काहीही निवडता येतं. छेद वाढवत न्यायचा, की डोळ्यांसमोर तुकडे बारीक होत जातात.

आता फसलेली गोष्ट. पहिल्या वर्षी माउस माझ्या हातात होता. मी दाखवतोय, मुलं "वाऽऽ" करतायत, तास मस्त झाला. दुसऱ्या दिवशी पाटीवर तोच प्रश्न दिला तर तीच चूक. मुलांनी सिनेमा बघितला होता, दुसरं काही नाही. आता आधी प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाटी उलटी ठेवायची. मग एक जण येऊन बटण दाबतो. ज्याचं चुकतं तो स्वतःहून "परत कर, परत कर" म्हणतो. दहा मिनिटं पुरतात. त्यापुढे गेलात तर केकचे रंग बदलण्यावरून भांडणं होतात.

उंडगा
वाचनखूण साठवली. (म्हणजे माझ्याही यादीत गेलं.)

निवृत्त गुरुजी
३४ वर्षं खडू घासला, म्हणून दोन शब्द.

फळ्यावर मी बैल काढायचो तेव्हा मुलं शिंगापासून ओळखायला लागायची. "गाय!" "म्हैस!" "गुरुजी, वशिंड राहिलं!" चित्र पुरं होईपर्यंत अर्धा पाठ बोलून झालेला असायचा. टीव्हीवरचा बैल एकदम अख्खा येतो आणि त्यावर बोलायला काही उरत नाही. माझं चित्र वाईट होतं, तोही फायदाच म्हणा.

अपूर्णांकांना कागदाची घडी पुरते. रद्दी वर्तमानपत्र, खर्च शून्य, वीज शून्य. अर्धा, पाव, अर्धपाव मुलांच्या हातात येतो. हे सोडून कोलोरॅडोला कशाला जायचं?

बे एके बे
गुरुजी, घडीचं शंभर टक्के मान्य, मीही तिथूनच सुरू करतो. पण घडीने दोन, चार, आठ होतात. तीन समान भागांची घडी नऊ वर्षांच्या मुलाला जमत नाही, एक भाग हमखास लहान येतो. पाटीपेन्सिल यांची अडचण नेमकी १/३ आणि १/४ चीच आहे. वाकडी घडी समोर ठेवून "बघ, हा मोठा" म्हटलं तर पोरं आपल्यालाच चूक ठरवतात. पडदा मला तिथे लागतो.

निवृत्त गुरुजी
तीनच्या घडीचा मुद्दा बिनतोड. पाचाची मलाही अजून येत नाही. पुढे चालू द्या.

माळरानातला मास्तर
अवांतर, पण राहवत नाही. "ऑनलाइन" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आहाराची नोंद ऑनलाइन, हजेरी ऑनलाइन, आधार जुळणी ऑनलाइन, वर "सोबतच्या लिंकमध्ये माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे". रेंजसाठी टेकडीवर जायचं, तिथून एका डोळ्याने वर्ग बघायचा. त्यातून उरलेला डेटा मुलांसाठी. फोन माझा, डेटा माझा, टीव्ही गावाचा आणि विजेचं बिल कुणाचं यावर ग्रामसभा.

खवचट काका
मास्तर, ही तक्रार आज दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरा.

उजनीकाठ
माझा अनुभव भूगोलाचा आहे, जरा लांबेल.

शाळा इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं, त्यात नकाशा येतो. नकाशा म्हणजे वरून बघितलेलं, हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. शाळेचा नकाशा काढा म्हटलं की घर समोरून, झाड बाजूने आणि विहीर वरून. एकाच कागदावर तीन दिशा.

मी गूगल अर्थ उघडलं ते शाळेच्या पत्र्यापासून. संगणकावरची प्रो आवृत्ती २०१५ पासून मोफत आहे आणि तिच्यात जुनी उपग्रहचित्रंही मागे जाऊन बघता येतात. पहिला तास सगळा "माझं घर कुठंय" यातच गेला आणि मी जाऊ दिला. एक पोरगा रडकुंडीला आला, त्यांचा गोठाच दिसेना. गोठा मागच्या दिवाळीत बांधलेला, चित्र त्याच्या आधीचं. म्हणजे हे आत्ताचं नाहीच! मग हे कधीचं, हे तारखेवरून शोधायचा खेळ सुरू झाला. कुणाची विहीर नाही, कुणाचं शेततळं आहे पण कोरडं.

मग मी पाणी दाखवलं. पावसाळ्यानंतरचं चित्र आणि भर उन्हाळ्यातलं चित्र, एकामागून एक. धरण केवढं पसरतं आणि केवढं आक्रसतं हे आमच्या मुलांना माहीत असतं, पण काठावरून. वरून बघून तीही गप्प झाली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, ते त्यांना ठाऊक होतं. एक मुलगी म्हणाली, "बाई, अजून मागं न्या ना. आमचं जुनं गाव बघायचंय."

इथे साधन संपलं. गूगल अर्थचा टाइमलॅप्स १९८४ पासूनचा, आणि धरण पुरं झालं १९८० ला. गाव बुडालं ते चित्रं सुरू व्हायच्या आधीच.

तिच्या आजोबांना बोलावलं. त्यांनी पटांगणात काठीने रेघा मारून वेस, चावडी, तालीम, नदीकडची वाट असं सगळं मांडलं. मुलं त्यात चालत फिरली. "आज्जा, मी आत्ता कुणाच्या घरात उभाय?" मग वह्यांत उतरवून घेतलं. मंदिर हा दोन्हीकडचा एकच कायम बिंदू, त्यावरून मुलांनी आपला नकाशा उपग्रहचित्राशी जुळवला. त्या दिवशी नेट पाच मिनिटं वापरलं असेल. आजोबा दीड तास थांबले, चहा शाळेने दिला.

पाटीपेन्सिल
@उजनीकाठ, हा प्रतिसाद छापून घेतला. आमच्याकडे धरण नाही, पण तलाव आहे, तो कोरडा कधी होता आणि भरला कधी हे याच पद्धतीने बघता येईल. धन्स.

दगडधोंडा
पळसदेवचं मंदिर हेमाडपंती आहे ना?

तिरकस
दगडी दिसलं की हेमाडपंती म्हणायची आपली जुनी खोड. नवीन धागा काढा, मी येतो भांडायला.

संध्याकाळची शाळा
व्हिडिओबद्दल सावध करते. पहिलीला प्राण्यांचे आवाज दाखवत होते. सिंह, हत्ती, कोल्हा आणि मध्येच एक माणूस ओरडला, "खेळा रमी, जिंका लाखो!" व्हिडिओ नेटवरून थेट लावला होता, जाहिरात आली. मी पळत जाऊन बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं. पुढचे पंधरा दिवस "कोल्हा कसा ओरडतो?" विचारलं की आख्खा वर्ग "खेळा रमी!"

त्यानंतर नियम केला. स्वतः शेवटपर्यंत बघितल्याशिवाय आणि आधी उतरवून ठेवल्याशिवाय काहीही लावायचं नाही. शासनाच्या दीक्षा ॲपमध्ये पाठ उतरवून ठेवता येतात, पुस्तकातला क्यूआर कोड घरीच उघडून बघायचा. जाता जाता, पुस्तकात क्यूआर घालायची कल्पना आधी राबवली ती परितेवाडीच्या आपल्या डिसले गुरुजींनी. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, ते अजून आठवतं.

खवचट काका
कोल्ह्याने रमी खेळली तर द्राक्षं आंबटच निघणार.

अक्षरवेडा
वाचन-लेखनाची साधनं निवडताना अक्षराचं वळण बघा. बोटाने अक्षर गिरवायची बरीच ॲप मुळात हिंदीसाठी केलेली असतात, नाव फक्त मराठी. त्यांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात पाकळीचा ल, पडद्यावर दंडाला चिकटलेला ल. पहिलीतलं पोर दोन्ही वेगळी अक्षरं समजतं, त्याचं काय चुकलं? शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण धरलं आहे.

स्वतः तक्ते करत असाल तर राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा टंक (फाँट) मोफत मिळतो, त्यात वळणं मराठी आहेत. आणि कृपया, कळकळीने सांगतो, सगळं युनिकोडमध्ये टंका. माझ्याकडे एका मित्राने वीस वर्षं जमवलेल्या प्रश्नपत्रिका आहेत, जुन्या टंकातल्या. नव्या संगणकावर उघडल्या की सगळा कचरा दिसतो. गृहस्थाची आयुष्यभराची मेहनत आणि वाचता येत नाही.

कोडवाला
हल्ली एआयकडून स्वाध्याय करून घेतात त्याचं काय?

अक्षरवेडा
करून बघितलं. "जोडाक्षर नसलेले सोपे दहा शब्द दे" म्हटलं. तिसराच शब्द "पुस्तक". चूक दाखवली तर माफी मागून "चष्मा" दिला.

सह्यकडा
हाहाहा! पण मी वापरते. शब्द माझे, गोष्टीचा सांगाडा त्याच्याकडून, मग भाषा सगळी मी बदलते. तिसरीसाठी एकाच गोष्टीची सोपी आणि जरा अवघड अशी दोन रूपं लागतात, ती पटकन होतात. तसंच्या तसं मुलांपुढे कधी ठेवत नाही.

बारामतीकर
संख्यांचे व्हिडिओ निवडताना आणखी एक. काहींत "वीस एक" आहे, काहींत "एकवीस". आमची मुलं घरी एकवीस म्हणतात.

तिरकस
आलाच का २०१९ चा विषय! दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा विधानसभेपर्यंत गाजलं होतं. गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंचं म्हणणं इतकंच होतं की आकडे लिहिताना दशक आधी येतं, बोलताना एकक आधी, आणि लहान मुलं तिथे अडखळतात. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून ३६ लिहिणारं पोर प्रत्येक वर्गात असतं. बोला, आहे की नाही?

बारामतीकर
असतं. पण बाजारात कुणी "साठ तीन रुपये द्या" म्हणत नाही हो.

बे एके बे
दोन्ही म्हणवून घ्यावं, पंधरा दिवस. नंतर पोरं आपोआप त्रेसष्टवर येतात.

तिरकस
पंधरा दिवसांत? आमच्या घरी...

संपादक
वीस-एकचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा. इथे सातव्यांदा होत आहे. (सात, म्हणजे सातच.)

न्यूजर्सीची मावशी
मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमचं दुखणं उलटं आहे, नेट आणि उपकरणं भरपूर, मराठी आठवड्यातून दोन तास. आम्हाला स्टोरीवीव्हरने तारलं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं भांडार आहे. चित्रांच्या गोष्टी, चार वाचनपातळ्या, मराठीतही खूप. वाचा, छापा, भाषांतर करा, बदलून पुन्हा टाका, परवाना मोकळा आहे.

मात्र हाताशी येईल ते उचलू नका. काही मराठी गोष्टी वाचताना कळतं की मागे दुसरीच भाषा उभी आहे. पहिल्या पातळीच्या गोष्टीत मध्येच "आश्चर्यचकित" येतो आणि आमचं पोर तिथेच बसकण मारतं. सुरुवातीला मी कुरकुर करायचे, मग लक्षात आलं की परवानगी आहे तर आपणच बदलावं. आता मोठ्या मुलांना कामच ते दिलंय, की धाकट्यांसाठी गोष्ट सोपी करा. "आश्चर्यचकित झाला" चं एका मुलीने "डोळे मोठ्ठे केले" असं केलं. अमेरिकेत जन्मलेली मुलगी आहे ती!

आणि किशोर मासिक! १९७१ पासूनचे अंक बालभारतीने नेटवर मोफत ठेवलेत. मुलांसाठी शोधायला गेले आणि रात्री दोनपर्यंत मीच वाचत बसले. माझ्या लहानपणीचं मुखपृष्ठ सापडलं.

उंडगा
मावशी, किशोरच्या नादाने आज माझं ऑफिसचं काम बुडालं. जबाबदारी तुमची.

डिचोलीचा मास्तर
गोव्यातून बोलतोय, सरकारी मराठी प्राथमिक शाळा. माझं आवडतं साधन प्लिकर्स. मुलांकडे फक्त कागद, फोन एकट्या शिक्षकाकडे. प्रत्येक मुलाला ठोकळ्यांच्या नक्षीचा एक कागद, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न विचारला की मूल आपलं उत्तर वर येईल असा कागद धरतं, मी फोन फिरवतो, कुणाचं काय ते लगेच दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. जी मुलं हात वर करत नाहीत, त्यांचं उत्तर मला इथे पहिल्यांदा दिसलं. आमचा एक अबोल मुलगा सगळी बरोबर देत होता आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फसलेलं: हौसेने कागदांना चकचकीत प्लास्टिक चढवलं. खिडकीचा उजेड पडला की फोनला दिसेना. खरखरीत कागदच बरा. आणि बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत.

कायद्याचं बोला
नोंदणी करताना मुलांची खरी नावं घालू नका, हजेरी क्रमांक घाला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. गावाच्या गटावर मुलांचे फोटो टाकतानाही जरा विचार करावा.

डिचोलीचा मास्तर
बरोबर. माझ्याकडे "१७" आणि "२२" अशीच नावं आहेत. वर्गातही आता एकमेकांना तशीच हाक मारतात, तो भाग वेगळा.

कोडवाला
रेंज नसणाऱ्यांसाठी. किविक्समध्ये आख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये मिळतो, नेटशिवाय वाचता येतो. कोलिब्री त्याहून पुढचं. जुन्या लॅपटॉपवर बसवा, धडे-व्हिडिओ एकदा भरा, आणि शाळेतल्या शाळेत वायफायवर टॅब जोडा. बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. गावात कुणाचा पडीक लॅपटॉप असेल तर सांगा, बसवून द्यायला मी एक रविवार काढतो. जेवण मात्र लागेल.

माळरानातला मास्तर
झुणका-भाकरी चालेल का? टेकडीवर खाऊ.

दोन मुलांची आई
पालक म्हणून विनंती. वर्गात काय ते वापरा, पण गृहपाठाची लिंक गटावर टाकू नका. आमच्या घरी एकच चांगला फोन आहे आणि तो रात्री साडेआठला यांच्याबरोबर घरी येतो. तोवर लहानी पेंगलेली असते. "सगळ्यांनी पाठवलं, तुमचं राहिलं" असा निरोप गटावर आला की पोर रडतं.

करोनात टिलीमिली लागायचं सह्याद्रीवर, ते बरं होतं. फोन लागत नव्हता, वाटीचमच्याने करायचे खेळ होते.

संध्याकाळची शाळा
ताई, हे वाचून आज आमच्या गटावरची लिंक काढली. खरंच.

पाखरू
एकच सांगतो. मर्लिन ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. मैदानात फोन धरला, तांबट आला, इंग्रजी नाव दाखवलं. मुलं म्हणाली, "हा तर टुकटुक्या." भारद्वाजाला निम्मा वर्ग कुंभारकावळा म्हणतो, निम्मा सोनकावळा. आता भिंतीवर तक्ता आहे, ॲपचं नाव एका बाजूला, आमची नावं दुसऱ्या बाजूला. आमची बाजू लांब आहे.

पाटीपेन्सिल
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

फेट कडुनिंबाखाली उतरवलं. बे एके बे यांनी सांगितलं तसं पाटी उलटी, बटण मुलांच्या हातात. आठव्या मिनिटाला केकच्या रंगावरून मारामारी, तेही त्यांच्या अंदाजानुसार. पण १/३ आणि १/४ समोरासमोर आले तेव्हा एक जण स्वतःशीच पुटपुटला, "जास्त जण, कमी वाटा." यात्रेच्या जेवणाचा हिशोब त्याच्या डोक्यात असावा. मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, म्हणून गुरुजींची घडी. कागद वाटले तर एकीने वर्तमानपत्राचा मोठा कागद घेतला, शेजारणीने वहीचं पान. मोठ्या कागदाचा १/४ वहीच्या पानाच्या १/३ पेक्षा ढळढळीत मोठा. "सर, काल टीव्ही खोटं बोलला." दोघी भांडायला उठल्या. मी काही बोलणार इतक्यात मागून तिसरीतला एक (त्याचा हा पाठही नाही) म्हणाला, "पण भाकरी एकच पायजे ना दोघींची!" टीव्हीवर दोन्ही केक सारखेच आखून येतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे उठलाच नसता. माझ्याही डोक्यात आला नव्हता.

आजची स्थिती: नऊपैकी सात बरोबर. उरलेल्या दोघांतला एक पाटीवर बरोबर लिहितो आणि तोंडी चुकतो, का ते कळलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा.

निवृत्त गुरुजी
त्या तिसरीतल्याला माझ्याकडून एक खडू द्या. तोंडी चुकणाऱ्याला विचारताना तुम्ही "तीनचा एक" म्हणता की "एक तृतीयांश"? शब्दात अडकला असेल. त्याला वाटा कुणाचा मोठा ते विचारून बघा.

पाटीपेन्सिल
"एक तृतीयांश" म्हणतो. उद्या बदलून बघतो.

खवचट काका
ते सगळं ठीक. रिमोटच्या सेलचं काय झालं?

पाटीपेन्सिल
काका, शाळेचं भिंतीवरचं घड्याळ तीन महिन्यांपासून बंद होतं, ते टीव्ही आल्याच्या आठवड्यातच चालू झालं. मी चौकशी केलेली नाही. टीव्ही बोटाने लावतो.